पान उलटण्याची जागा

देवाची भांडी अर्धी झाली होती. ताम्हन, पळी आणि लहान तांब्या चिंचेनं घासून लखलखीत करून ओट्यावर पालथे घातले होते. समई, घंटा आणि मोठा कलश अजून काळेच मोरीत बसले होते. कोपरापर्यंत माझे हात चिंचेत, आणि नेमकी बेल वाजली. भरदुपारी आमच्या पिपलानीच्या क्वार्टरमध्ये बेल वाजली, तर एक तर कुरिअरवाला असतो, नाहीतर काहीतरी विकायला आलेली बाई. म्हणून मी दार उघडलं ते साखळी तशीच ठेवून.

बाहेर पस्तिशीची एक बाई उभी. सुती कुर्ता, हातात हेल्मेट, खांद्याला भली मोठी थैली आणि मनगटावर पुरुषी घड्याळ.

"नमस्कार काकू. मी रसिका टोकेकर. रेवाच्या शाळेत आमचं काम चालू आहे. सुप्रियाताईंशी बोलणं झालंय माझं."

रेवा माझी नात, दुसरीत आहे. सुप्रिया माझी सून, बँकेत नोकरी करते. सकाळी चप्पल घालता घालता ती म्हणाली होती खरी, की दुपारी एक मॅडम येतील, रेवाचं वाचन बघतील. पण मॅडम म्हणजे मला मॅडमसारखी कोणी वाटली होती. ही तर दारातच मराठी बोलायला लागली, आणि तेच मला पहिल्यांदा खटकलं. भोपाळात अनोळखी माणूस दारात येऊन थेट मराठीत बोलायला लागला, की समजावं, याला आपल्याकडून काहीतरी हवंय.

साखळी काढली. मी हात धुऊन येते तो तिनं हेल्मेट चपलांच्या रॅकवर ठेवलं होतं आणि फरशीवर बसली होती. "अहो, खुर्चीवर बसा की," मी म्हटलं.

"नको काकू, रेवा खाली आहे ना."

रेवा आपली भातुकली मांडून बसली होती. तिनं या बाईला एक रिकामी बशी दिली, आणि बाईनं ती दोन्ही हातांनी घेतली. मुलांना आपलंसं करायची ही रीत मी चांगली ओळखते. आमच्याकडे विम्याचा एजंट यायचा, तो कौस्तुभला चॉकलेट द्यायचा. कौस्तुभ म्हणजे माझा मुलगा, रेवाचा बाप.

मग तिनं काम सांगितलं. एका संस्थेचा अभ्यास चाललाय. ज्या लहान मुलांना वाचायला जड जातं, त्यांना कशानं मदत होते, ते शोधून काढायचं. निरनिराळ्या शाळांमधली पहिली-दुसरीची मुलं घेतली आहेत, आणि रेवाच्या बाईंनी रेवाचं नाव दिलंय. आठवड्यातून तीन दुपारी घरी येऊन अर्धा-पाऊण तास शिकवणार. घरात मोठं माणूस पाहिजे. आणि शनिवारपर्यंत आईवडिलांच्या सहीचा कागद शाळेत पोचायला पाहिजे.

"नाही पोचला तर?"

"तर रेवाचं नाव गळेल. मागाहून घालता येत नाही. आणि तिच्या बाई म्हणत होत्या, वर्ष असंच गेलं तर तिसरीत फार जड जाईल तिला."

दुपारी घरात मोठं माणूस म्हणजे मी. कौस्तुभ कारखान्यात शिफ्टला असतो, सुप्रिया दिवे लागल्यावर येते, आणि आमचे हे रिटायर झाल्यापासून जेवले की झोपतात. म्हणजे सही कोणाचीही असो, हो-नाही माझ्यावरच येऊन पडणार होतं.

"पैसे किती?"

"काही नाही. फुकट आहे."

"आणि पुढे?"

"पुढेही फुकट."

फुकट हा शब्द एकदा ऐकला तर ठीक. दोनदा ऐकला की मी पदर खोचते.

"आणि आमच्या रेवाला वाचता येत नाही, हे कोणी ठरवलं?"

"मी अजून काहीच ठरवलं नाही, काकू. आज बघायलाच आलेय." तिनं थैलीतून रबरबँड लावलेली कार्डं काढली, आणि मोबाइल फरशीवर उताणा ठेवून रेकॉर्डिंग लावलं. माझ्या नातीचा आवाज भरून घेऊन ही कुठे नेणार, कोणाला ऐकवणार? विचारलं, तर म्हणाली, "ऑफिसात परत ऐकून तपासतात. माझ्या ऐकण्यात चूक झाली असली तर कळावी म्हणून." उत्तर बरोबर होतं. उत्तरं अगदी बरोबर येऊ लागली की मला जास्त भीती वाटते.

कार्डांवर मोठ्या अक्षरांत शब्द होते. मी चष्मा लावून वाकून बघितलं: टमुक. गिपो. लाभूस. मी दचकले.

"हे काय आहे? कुठल्या भाषेतलं?"

"कुठल्याच नाही. मुद्दाम बनवलेले शब्द आहेत. ओळखीचा शब्द मुलं तोंडावळ्यावरून ओळखतात, काकू, जसं आपण लांबून माणूस ओळखतो. हे शब्द कोणीच पाहिलेले नसतात. ते अक्षर जोडूनच वाचावे लागतात."

अर्थ नसलेले शब्द लहान मुलांकडून वदवून घ्यायचे, हे मला बरं वाटेना. आमच्या घरात अर्थ नसलेलं काही बोलत नाहीत. मनातल्या मनात मी देवाचं नाव घेतलं.

रेवानं पहिलं कार्ड बघितलं आणि म्हणाली, "टमाटर." दुसऱ्याला गप्प. तिसऱ्याला फ्रॉकची कड बोटाला गुंडाळत माझ्याकडे वळली. "आजी, पोट दुखतंय."

हे पोटदुखीचं मधूनमधून चाललेलंच होतं, आणि मंगळवारी सकाळी तर नेमानं. मी ओवा देत होते, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढत होते. माझा संशय समोरच्या क्वार्टरमधल्या बाईवर होता, कारण तिला रेवाचे गाल ओढून 'कितनी प्यारी है' म्हणायची सवय आहे. आता त्या यादीत ही टोकेकरीण पण आली.

"थांबा," मी म्हटलं. "तुमची कार्डं ठेवा बाजूला."

मी देवघरातून पोथी आणली. आमच्याकडे दिवेलागणीला परवचा असतो. सासूबाईंपासूनची रीत अशी, की आधी मोठ्यांनी म्हणायचं, मागून मुलानं म्हणायचं. आणि काही महिन्यांनी मूल पोथी मांडीवर घेऊन ओळीखालून बोट फिरवत वाचतं, मोठं माणूस नुसतं ऐकतं. कौस्तुभ असाच वाचायला शिकला, त्याच्याआधी त्याचे वडील. रेवानं मांडी घातली, पोथी घेतली आणि अख्खं स्तोत्र वाचून दाखवलं. बोट ओळीखाली, उच्चार खणखणीत. पान संपलं की थुंकी न लावता कोपरा धरून अलगद उलटायचं, तेही बरोबर.

"बघितलंत?" मी म्हटलं.

"खूपच छान म्हणते," रसिका म्हणाली.

म्हणते. वाचते नाही, म्हणते. माझे कान अजून शाबूत आहेत.

"काकू, यातली एखादी ओळ मी कागदानं झाकून बघितली तर चालेल?"

"पोथीवर? कुठला कागद, कोणाकोणाचे हात लागलेला?" मी पोथी मिटली आणि कपाळाला लावली. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही.

चहा घेतला नाही, पाणीही स्वतःच्या बाटलीतलं प्यायली. मी गूळखोबऱ्याचा प्रसाद पुढे केला, तर तोही तोंडात टाकला नाही. कागदाच्या पुडीत बांधून थैलीत ठेवला. पुढच्या चौराह्यावर गाईपुढे टाकणार, मी मनात म्हटलं.

ती गेल्यावर हे उठून बाहेर आले. मी सगळं सांगितलं. जांभई आवरत म्हणाले, "तुला पोलिसात घ्यायला हवं होतं. चोर सगळे आपण होऊन शरण आले असते."

"तुम्ही झोपा," मी म्हटलं.

संध्याकाळी सुप्रियाशी वाजलं. वाजलं म्हणजे आवाज चढले नाहीत, पण पोळ्या करताना ती माझ्याकडे बघेना.

"आई, शाळेच्या बाई खोटं कशाला सांगतील?"

"स्वतः शिकवायला नको म्हणून. आणि एकदा का नाव लागलं, की ही मुलगी कच्ची आहे, मग पुसता येतं का ते? मोहल्लाभर होईल."

"मोहल्ल्याला तिसरीची परीक्षा द्यायची नाहीये. रेवाला द्यायचीय."

"ती पोथी वाचते, सुप्रिया. माझ्यासमोर वाचते."

सुप्रियानं लाटणं खाली ठेवलं. "मग धड्याचं पुस्तक का नाही वाचत? मी बसवते तर रडते." पुन्हा लाटणं उचलत म्हणाली, "तुम्ही दुपारी घरात नसेन म्हणालात तर मी काही करू शकत नाही. तेवढंच सांगते."

कौस्तुभनं ताटातून डोकं वर काढलं नाही. बायको आणि आई यांच्यामध्ये तो नेहमी वरणाकडे बघतो.

मी ठरवलं, आधी ही बाई कोण ते बघायचं. टोकेकर म्हणजे ग्वाल्हेरकडचे. माझी नणंद नलिनी कोटरा सुल्तानाबादला राहते, आणि भोपाळातल्या कुठल्या मराठी घरात आज भाजी काय झाली, तेही तिला ठाऊक असतं. फोन लावला.

"टोकेकर? अगं वहिनी, आमच्याच गल्लीत आहेत! इंदुमतीबाईंची सून ती. माहेर उज्जैनचं. नवरा विक्रांत, तिकडे मंडीदीपला कुठल्याशा कंपनीत आहे. ही आधी प्रायव्हेट शाळेत होती. तिथून काढलं म्हणतात, सोडलं म्हणतात. खरं काय ते देव जाणे."

"काढलं?" माझे डोळे चमकले असतील.

"तू येऊनच बघ. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तुला यायला निमित्तही आहे. मनोहरला सांग, तुमच्या बहिणीचे डोळे बघायला चाललेय."

बुधवारी सिटी बसनं गेले. नलिनीवन्सं काळा चष्मा लावून ऐटीत बसल्या होत्या. चहा झाल्यावर त्यांनी लाल कापडात गुंडाळलेली पोथी काढली. "ही ने. आपलंच संध्याकाळचं स्तोत्र, पण मोठ्या अक्षरांचं. डोळ्यांसाठी मागवली होती, आता मला बारीक पण दिसतं. रेवाला वाचायला बरी पडेल."

पोथी पिशवीत घालून मी टोकेकरांकडे गेले. इंदुमतीबाई वॉकर धरून दारापर्यंत आल्या. पिपलानीहून आले म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "गूळखोबऱ्याच्या का तुम्ही? सोमवारचा प्रसाद मला मिळाला हो. हिला लोकांच्या घरी काही घ्यायची मनाई आहे ना कामात. पण प्रसाद टाकवत नाही, मग मी आहेच!"

गाय सुटली, म्हणजे माझा एक संशय सुटला. हातचा संशय असा निसटला की मला थोडं चुकल्यासारखंच होतं.

घर दोन खोल्यांचं, आवरलेलं. टेबलावर एक परात भरून बाटल्यांची झाकणं होती. निळी, पांढरी, लाल. प्रत्येकावर काळ्या शाईनं एक अक्षर.

"गल्लीतली सगळी झाकणं आमच्याकडे येतात," इंदुमतीबाई म्हणाल्या. "मी धुते, ही लिहिते. विक्रांत म्हणतो, आपण भंगारवाले झालो."

तेवढ्यात रसिका आली. मला बघून दारातच थबकली, मग हेल्मेट काढत हसली. "काकू, चौकशीला?"

"नणंदेचे डोळे बघायला आले होते."

"मग बसा निवांत. आता आलाच आहात तर सगळं विचारून घ्या. अर्धं विचारून गेलात तर रात्री झोप लागायची नाही."

ती पलंगाच्या कडेला बसली आणि सासूचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळायला लागली. इंदुमतीबाईंचं खुब्याचं हाड मोडल्यापासून हे रोजचंच असावं, कारण दोघींपैकी कोणालाही त्यात मला काही दाखवायचं आहे असं वाटलं नाही. मी नीट बघत होते.

"शाळा का सोडलीत?"

"सोडली नाही. काढलं. दोन वर्ग एक केले, त्यात एक बाई जास्त झाली. मी नवीन होते."

ती 'सोडली' म्हणू शकली असती. मला कुठे कळणार होतं?

"मग हे काम का धरलंत? मुलांची कणव?"

"नाही हो काकू. नोकरी पाहिजे होती. ह्यांची कंपनी तेव्हा बंद होती, आणि आईंना सकाळी सोडून जाता येत नव्हतं. यात दुपारचे तास होते, म्हणून धरलं." मग म्हणाली, "आता आवडतं. पण धरलं ते त्यासाठी नाही."

समाजसेवा करणारी खूप माणसं मी बघितली आहेत. त्यांच्यापैकी पगाराचं नाव पहिल्या वाक्यात घेणारी हीच. मी जरा सावरून बसले.

"आणि तुमच्या शिकवण्यानं मुलं वाचतात?"

"बरीच वाचतात. काहींना थोडाच फरक पडतो. एक-दोघांना पडलाच नाही आत्तापर्यंत. हमी देता आली असती तर अभ्यास कशाला केला असता?"

"म्हणजे आमची मुलं तुमची उंदरं."

इंदुमतीबाईंचा पाय हलला. रसिका मात्र हसली. "मी आमच्या सरांना हेच विचारलं होतं. उंदीर हाच शब्द. ते म्हणाले, सगळ्या मुलांना एकदम शिकवायला माणसं नाहीत. मग अर्ध्यांना आधी आणि अर्ध्यांना जानेवारीपासून. कोण आधी, ते चिठ्ठीनं ठरतं. दोन्ही गटांची तपासणी सारखीच होते, म्हणजे शिकवल्यानं फरक पडला की नुसतं वय वाढल्यानं, ते कळतं."

"चिठ्ठी कोण काढतं?"

"ऑफिसातला कॉम्प्युटर."

"आम्ही देवापुढे टाकतो."

"तुमचा देव कॉम्प्युटरमध्ये नसेल असं थोडंच आहे, काकू?" ती म्हणाली. याचं उत्तर मला बसमध्ये सुचलं, पण तोवर जवाहर चौक मागे पडला होता.

परत येताना माझ्या मनाची गंमतच झाली. बाई खोटी नव्हती, एवढं पटलं होतं. पण खरी माणसंसुद्धा चुकतात. रेवा वाचते, हे तर मी रोज डोळ्यांनी बघते. मग ही खरी असून चूक आहे, असं धरून चालले, आणि घरी सांगून टाकलं की शनिवारी कागद जाणार नाही. सुप्रिया उठून आत गेली.

गुरुवारी दिवेलागणीला निरांजन लावलं आणि नवी पोथी काढली. रेवाला लाल कापड फार आवडलं. मांडी घालून बसली, बोट पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि सुरू झाली. मी शेजारी जपमाळ घेऊन. एरवी मी डोळे मिटून ऐकते. त्या दिवशी पोथी नवी, छपाई कशी आहे ते बघावं म्हणून उघडेच ठेवले.

मोठी अक्षरं, त्यामुळे पानावर ओळी कमी. रेवाचं बोट पानाच्या तळाशी पोचलं. शेवटची ओळ संपली. तोंड चालूच होतं. बोट खालच्या कोऱ्या समासावर आलं आणि तिथंच इकडून तिकडे फिरत राहिलं. दोन श्लोक तिनं कोऱ्या कागदावरून वाचले. एक अक्षर चुकलं नाही. मग जुन्या पोथीत पान जिथं संपतं, नेमक्या त्या शब्दाला तिनं कोपरा धरला आणि अलगद पान उलटलं.

माझ्या हातातली माळ थांबली. पहिला संशय पोथीवरच गेला, छापताना दोन श्लोक गाळले असतील. पान पुढं करून बघितलं. श्लोक मागल्या बाजूला जागच्या जागी होते.

मी मधलंच एक पान उघडलं. "रेवा, इथून वाच."

तिनं बोट ठेवलं आणि स्तोत्राची सुरुवात म्हणायला लागली.

"अगं, इथं काय लिहिलंय? बोटाखाली?"

ती पोथीकडे बघेना. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "आजी, तू थोडंसं म्हण ना. मग मी म्हणते."

"मी नाही म्हणणार. तू बघून वाच."

"बघून काय होतं?"

तिनं हे लबाडीनं नाही विचारलं. तिला खरोखरच ठाऊक नव्हतं.

"मग वाचतात कसं, रेवा?"

"पाठ करायचं आणि बोट फिरवायचं." मग माझ्याकडे जरा चिडून बघत म्हणाली, "तू पण नाही बघत, आजी. तू तर आँखें बंद करून पान उलटतेस."

खरंच होतं ते. आमच्या घरात पोथी उघडून बसतो आणि बघत कोणीच नाही. सगळ्यांनाच पाठ. कौस्तुभला अक्षरं शाळेत कधी लागली, हे मी कधी बघायला गेलेच नव्हते; पोथी वाचतो म्हणजे वाचतो.

"आणि शाळेत?" मी विचारलं.

"शाळेत मॅडम आधी म्हणून नाही दाखवत. डायरेक्ट उभं करतात. दर मंगळवारी, एक-एक को." तिनं फ्रॉकची कड बोटाला गुंडाळली. "बाकीचे बच्चे घरून पाठ करून येतात. मला कोणी सांगतच नाही, कुठला पाठ करायचा ते."

मी तिला जवळ घेतलं. समोरच्या बाईच्या नावानं एवढ्या मोहऱ्या जाळल्या, आणि बिचारीचा काही संबंध नव्हता. मंगळवार होता नुसता.

शुक्रवारी शाळा सुटायच्या वेळी मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. मुलांचा लोंढा ओसरल्यावर रसिका स्कूटी ढकलत आली. मला बघून स्टँड लावला.

"पोथीतलं तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?" मी सरळच विचारलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते माझ्याही लक्षात आलं नाही.

"शंका होती. ओळ झाकून बघितली असती तर कळलं असतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पोथी कपाळाला लावून उभ्या होता, काकू. मी काय बोलणार?"

मला हसू आलं, पण ते मी पदरात ठेवलं. अजून एक गोष्ट बघायची राहिली होती. आवाज खाली आणून म्हटलं, "हे बघ, तू आतलीच आहेस. ती चिठ्ठी का काय, त्यात रेवाचं नाव आधीच्या गटात येईल असं बघ ना जरा. पोर रडते गं."

तिनं माझ्याकडे बघितलं. चेहरा उतरला तिचा, पण मान हलली ती नाही म्हणूनच. "ते नाही होणार, काकू. तेवढं सोडून बोला."

"बरं," मी म्हटलं. हो म्हणाली असती तर मी तिथूनच घरी परतले असते.

"आणि मागल्या गटात आली तर?"

"तर जानेवारीपासून येईन. तोपर्यंत मला काही शिकवता येणार नाही. पण तुम्हाला घरात पोथी उघडायला कोण अडवतंय? फक्त डोळे मिटू नका."

मग मी माझ्या अटी सांगितल्या. शिकवणं देवघराजवळच्या खोलीत होईल आणि मी तिथंच बसेन. मोबाइलमध्ये जे भरशील ते आधी मला ऐकवायचं. त्या निरर्थक शब्दांची कार्डं काम झालं की लगेच थैलीत जायला पाहिजेत, घरात विसरायची नाहीत.

"बसा," ती म्हणाली. "ऐका. कार्डं मोजून नेते. पण माझी एक अट आहे. रेवा अडली की तुम्ही सांगायचं नाही. कितीही वेळ लागला तरी."

"ते कठीण आहे."

"म्हणूनच सांगून ठेवते." तिनं हेल्मेट घातलं आणि गेली. वळताना रीतसर हात दाखवते का, ते मी बघत उभी राहिले होते. दाखवला.

संध्याकाळी सुप्रिया आल्या आल्या मी कागद आणि पेन तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं एकदा माझ्याकडे, एकदा कागदाकडे बघितलं. ह्यांनी पेपरच्या आडून विचारलं, "चोर सुटला वाटतं?"

"सुटला नाही," मी म्हटलं. "जामिनावर आहे."

कौस्तुभनं पहिल्यांदा ताटातून डोकं वर केलं. दोघांनी सह्या केल्या. त्या दिवशी परवचा जेवणं झाल्यावर केला. मी जुनी पोथी कापडात बांधून वर ठेवली, नवी उघडली आणि चष्मा लावला. रेवाच्या बोटाशेजारी माझं बोट ठेवलं. पहिल्या ओळीतलं पहिलं अक्षर शोधायलाच आम्हा दोघींना वेळ लागला, कारण तिला ते येत नव्हतं, आणि मला तोंड बंद ठेवणं जमत नव्हतं. एक ओळ झाली. पान उलटायची वेळ काही आली नाही.

टोकेकरणीवर माझी नजर राहणारच आहे. सोमवारी चिठ्ठी निघेल, तेव्हा ती काय म्हणते तेही मी बघणार आहे. पण सही केलेला कागद आता देवापुढे, ताम्हनाखाली ठेवला आहे, वाऱ्यानं उडू नये म्हणून. उद्या सकाळी पूजा झाली की तो शाळेत नेऊन द्यायचा आहे.